सगुणाबाईंच्या आडव्या बाटल्या

सगुणाबाई कुठेही गेल्या तरी समोर उभी दिसेल ती बाटली आधी आडवी करत आणि मगच बसत. पाण्याची असो, खोबरेल तेलाची असो, नाहीतर फिनाइलची. मी शाळेत लिपिक. त्या पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा मी शिक्क्याच्या शाईची बाटली नुकतीच भरून टेबलावर ठेवली होती. बाईंनी नमस्कार केला, बाटली हळूच आडवी निजवली आणि खुर्चीवर बसल्या. झाकण सैल होतं. जांभळी शाई सात-आठ दाखल्यांवरून वाहत माझ्या मांडीवर आली. मी किंचाळले. बाई शांतपणे म्हणाल्या, "झाकण पक्कं लावत जा जी. बाटलीचा काय दोष?"

त्या दिवशी मला त्यांचा मनापासून तिटकारा आला होता. तो पुढे बराच कमी झाला, पण पूर्ण गेला असं म्हणता येणार नाही. त्यांच्या घरात प्रत्येक फळीवर तेलाचे ओघळ असत. कपाटाला चिकट हात लागे. कफ सिरपखाली मुंग्या, तुपाच्या बरणीखाली मुंग्या. मला वस्तू जागच्या जागी लागतात, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात मी शक्यतो पदर आवरून उभीच राहत असे.

सवय कुठून आली ते सांगते. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान जातं. तुमसरकडे, करडीच्या पुढे आमचं गाव, तिथे सगुणाबाईंनी हे मतदान करून दाखवलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना समजावं म्हणून त्या दारोदार जाऊन खरीखुरी बाटली आडवी करून दाखवत. मतदान झालं, दुकान गेलं, हाताची सवय मात्र राहिली.

त्या मतदानाच्या वेळी याद्या मी केल्या होत्या. कोणत्या गल्लीत कोण, कोणाचं नाव मतदारयादीत आहे, कोण माहेरी गेली आहे, कोणाला आणायला सायकल पाठवायची. त्यामुळे बाईंनी माझं नाव यादीबाई ठेवलं ते कायमचं. भाषणं आम्ही केलीच नाहीत. बाईंना ती जमत नसत आणि ऐकवतही नसत. त्या कोणाच्याही घरी जात, चुलीपाशी टेकत आणि एकच प्रश्न विचारत, "तुझ्या घरी कोण धुते वं?"

पुढे काही बोलावंच लागत नसे. कारण प्रत्येकीला कळत असे. नवरा पिऊन येतो, अंगणात नाहीतर अंथरुणात ओकतो, झोपतो. सकाळी ती गोधडी कोण धुतं? ते धोतर, ती पँट, तो ओटा? बायका खाली बघत. एखादी हसे. एखादी उठून भांडी आपटायला लागे. बाई म्हणत, "राग येऊन उपेग नाई. राग उतरते. किळस नाई उतरत. ज्या बाईले किळस येते ना, थेच शिक्का बरोबर मारते."

त्यांची स्वतःची किळस पक्की होती. नवरा आधी मोहाची पीत असे, मग दुकानातली. तो गेला तेव्हा मुलगा रूपेश शाळेत होता. बाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "मी त्याची गोधडी जाळली. लोकं म्हणे दुःखानं जाळली. दुःख कायचं बापा, वास निंगत नव्हता." आणि त्यांचा एक नियम होता, जो सगळ्या गावाला ठाऊक होता. दारू गाळणारा, विकणारा कोणीही असो, त्याचं ताट ओसरीत. चुलीजवळ नाही. त्यांचा सख्खा भाऊ मोहाची गाळत असे. राखीला येई, भाऊबीजेला येई, बाई ओवाळत, पोटभर जेवू घालत, पण ओसरीत. तो मरेपर्यंत बहिणीच्या चुलीजवळ बसला नाही.

आता मतदानानंतरच्या थंडीची गोष्ट. आमच्याकडचं दुकान बंद झालं आणि काही महिन्यांत नाल्यापलीकडच्या गावात उघडलं. आमचे पुरुष नाला ओलांडून जायला लागले. येताना नाल्यातच पडायला लागले, तेव्हा पलीकडच्या बायका बाईंकडे आल्या. त्यांच्यात कांता नावाची एक होती, जीभ कात्रीसारखी. तीच पुढाकार घेत होती. मतदानाची तारीख लागली. मी नवीन याद्या सुरू केल्या.

आणि एका बाजाराच्या दिवशी दुकानाच्या बाजूने बोलणाऱ्या एका माणसाने चारचौघांत बाईंसमोर मोबाइल धरला. फोटोत रूपेश होता. पुण्याच्या कुठल्याशा कारखान्यात, उंच स्टीलच्या टाकीपुढे, हातात काळ्या पेयाचा ग्लास, वर फेस, चेहऱ्यावर हसू.

"सगुणाबाई, आमची आडवी अन् घरची उभी काय जी?" तो माणूस म्हणाला. लोक हसले.

रूपेशने आईला सांगितलं होतं की तो धान्य भाजायच्या कंपनीत आहे. बाईंना वाटे फुटाणे, बिस्किटं, असलं काहीतरी. तसं ते खोटंही नव्हतं. तो जव भाजत असे. भाजलेल्या जवाची बिअर करत असे, काळीकुट्ट, स्टाउट म्हणतात ती. थोडी-थोडी, निगुतीने करतात आणि महाग विकतात.

बाई तिथून सरळ माझ्याकडे आल्या, माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली आडवी केली आणि म्हणाल्या, "फोन लावा त्याले." मी लावला. त्या फोनवर एवढंच बोलल्या, "रुप्या, तू करते थे एक बाटली घेऊन ये. अन् तोंड घेऊन ये."

फोन ठेवल्यावर मी त्यांना समजावलं. मतदान तोंडावर आहे, बाटली कशाला मागवता, त्याला सांगा नोकरी सोड, आपण बायकांना सांगू की सोडली, विषय संपला. माझा हिशेब व्यवहाराचा होता. बाई म्हणाल्या, "मी जन्मभर दारूले नावं ठेवली यादीबाई, पण जिभीवर नाई ठेवली कधी. दुसऱ्याच्या पोराची असती तं न चाखता थुकली असती. घरच्याची चाखून थुकतो."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पाहू द्या मले, बापाचाच वास येते का."

तेव्हा मला समजलं, त्यांचा जीव कशात अडकला होता. मतदान हरलं तर पुन्हा घेता आलं असतं. पण पोराच्या हातून नवऱ्याचा वास आला, तर भावासारखं पोराचंही ताट जन्मभर ओसरीत गेलं असतं. नियम त्यांचाच होता आणि तो मोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

रूपेश पुण्याच्या गाडीने तुमसर रोड स्टेशनला उतरला, एसटीने आला. संध्याकाळी मी सभेचं ठरवायला गेले तेव्हा तो ओसरीत जेवत होता. आई आत, चुलीजवळ. मधे उंबरठा. भात संपला की तो ताट सरकवी, त्या हात लांब करून वाढत. लाखोरीच्या डाळीचं वरण होतं, जवसाची चटणी होती, सगळं त्याच्या आवडीचं. थंडी इतकी की वाढलेला भात लगेच गार होत होता.

त्याने पिशवीतून बाटली काढून दिली. "माय, इले उभी ठेवजो. हलवू नको. खाली गाळ राहते, थो बसला पायजे. अन् बाहीर थंड्यात ठेवजो."

"उभी," बाई म्हणाल्या.

"हो. उभीच."

बाईंनी बाटली दोन बोटांनी धरून आत नेली, मेलेला उंदीर नेतात तशी. पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. दारूची बाटली घरात आली म्हणून त्यांनी ती आधी राख लावून काथ्याने घासली, खसाखसा, बुडापासून गळ्यापर्यंत. मग पाण्यात विसळली, पुन्हा घासली. आणि मग चुलीवरच्या उबदार फळीवर, तेलाच्या बाटल्यांच्या रांगेत, नीट आडवी निजवली.

सकाळी ऊन अंगणात आलं तशा पलीकडच्या बायका आल्या. शेकोटी पेटवली होती. मी सतरंजी घातली, याद्या मांडीवर घेतल्या. बाजूच्या खाटेवर बाईंनी डाळीच्या वड्या वाळत घातल्या होत्या. बायका शाली, स्वेटर गुंडाळून बसल्या. रूपेश ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. बाई मधे आल्या, बाटली पुढे धरली.

"हे माह्या पोरानं केली. फोटो खोटा नाई. आता मी चाखतो तुमच्यासमोर, मंग काय बोलाचं थे बोला."

रूपेश पुढे आला. बाटलीला हात लावला आणि त्याचा चेहरा बदलला. "माय, हे गरम काहून लागून राहिली? उभी ठेवली होती ना?"

"फोड," बाई म्हणाल्या.

"माय, पाच मिनिट थांब..."

"फोड म्हणतो ना!"

त्याने झाकण फोडलं. मी अनेक प्रकारच्या घाणी पाहिल्या आहेत, शाळेची संडासं माझ्याच अखत्यारीत आहेत, पण हे वेगळं होतं. बाटलीतून चहाच्या रंगाचा फेस असा उडाला की रूपेशचा हात, बाईंचं लुगडं, कांताची शाल, माझ्या याद्या आणि वड्यांची निम्मी खाट एका क्षणात भिजली. बायका ओरडत उठल्या, उठताना एकमेकींवर पडल्या, आणि फेस वरून येतच राहिला. सतरंजीत मुरला. शेकोटीत पडून चरचरला आणि त्याची जी वाफ निघाली, ती आंबलेली, करपलेली, ओशट वाफ, ती मला आजही लिहिताना नाकात येते.

"माय वं!" कांता शाल झटकत म्हणाली. "घरी काय सांगू आता? दारूबंदीच्या मीटिंगीत पिऊन आली म्हणू?"

कोणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या. बाई हसल्या नाहीत. बाटलीत तळाला थोडी उरली होती. त्यांनी ती पेल्यात ओतून घेतली. गाडीच्या इंजिनातून काढलेलं जुनं तेल असतं तसा रंग, वर तपकिरी साय.

"यादीबाई, तुमीबी घ्या. साक्षीले कोणी पायजे."

मी ठामपणे नाही म्हणाले. त्यांनी पेल्यात चमचा बुडवून पुढे धरला. त्या चमचा धरून उभ्या राहिल्या की समोरच्याने तोंड उघडेपर्यंत हलत नसत. मी उघडलं. आधी कडू. मग पेज करपल्यावर भांडं घासताना येतो तो वास, पण जिभेवर. मग आंबट, मग जुन्या काढ्यासारखं काहीतरी जड, जे घशाखाली जाईना आणि तोंडातही ठेववेना. थंडीने दात आधीच ठणकत होते. मी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकले, पाणी मागितलं, पुन्हा थुंकले.

"काकू, यात कॉफीचा वास येते," रूपेश मला सांगत होता, अगदी कळवळून. "चॉकलेटचाबी येते. थंडीतच मजा आहे इची. हळूहळू प्यायची असते."

"कॉफी पायजे तं कॉफी कर ना बापा!" बाई म्हणाल्या, आणि पेला तोंडाला लावला.

त्यांनी घोट घेतला. तोंडात धरला. अंगणात कोणी हललं नाही. रूपेश मागे सरून पुन्हा खांब धरून उभा होता. बाईंचे डोळे मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, वरच्या ओठावर तपकिरी फेसाची मिशी. मग सगळा चेहरा आतल्या आत गोळा झाला, आणि त्यांनी शेकोटीपलीकडे मोठी पिचकारी टाकली.

"थू! थू! काय करपवलं बे हे!" पदराने जीभ पुसली, खरंच पुसली, सगळ्यांसमोर. "डुकराले नाई देणार मी!"

रूपेशची मान खाली गेली.

बाईंनी पेला पुन्हा नाकाशी नेला. या वेळी प्यायल्या नाहीत, नुसता वास घेतला. बराच वेळ. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण बापाचा वास नाई येत."

त्याने मान वर केली.

"नाई येत," त्या म्हणाल्या. "दुसराच आहे. पण आयक रुप्या. पुण्यातबी कोणाच्या तरी घरी हाच वास येत असन. महाग बाटली प्यायला तरी माणूस ओकतेच ना? मंग थे कोण धुते?"

रूपेश काहीतरी ग्राहकांबद्दल बोलायला लागला आणि थांबला. बायका त्याच्याकडे बघत होत्या. कांताने अंगावरची भिजलेली शाल काढली, घडी न करता सतरंजीवर टाकली.

मग तो पुढे आला. सतरंजी गोळा केली. शाल उचलली. बाकीच्यांपुढे हात केला, तशी एकेकीने आपापलं भिजलेलं पांघरूण दिलं. ते ओझं घेऊन तो अंगणाच्या कोपऱ्यातल्या टाक्यापाशी गेला. टाकं उघड्यावर होतं, रात्रभराच्या गारठ्याने पाण्याला हात लावावेना. त्याने बाह्या सारल्या, साबणाची वडी घेतली आणि उकिडवा बसून धुवायला लागला.

कांता माझ्या कानाशी म्हणाली, "पाह्य वं, धुवून राहिला!" जणू बैल पोथी वाचतो आहे.

बाईंनी कोणाला मदतीला जाऊ दिलं नाही. आतून गोधड्या आणून बायकांच्या अंगावर घातल्या, चहा ठेवला. आम्ही शेकोटीभोवती बसून याद्यांचं काम उरकलं. माझ्या कागदांना वास येत होता, अक्षरं फुटली होती, मी नाक दाबून सगळं पुन्हा लिहून काढलं. मधूनमधून आपटण्याचा आवाज येई. पहिल्या धुण्यात सतरंजीचा वास गेला नाही. त्याने स्वतःच हुंगून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा भिजवली. बाई तिकडे बघत नव्हत्या, पण त्याने दुसऱ्यांदा भिजवली तेव्हा त्यांचा चहा गाळायचा हात थांबला होता, हे मी पाहिलं.

दुपार कलली तेव्हा तो आला. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. दाराशी येऊन तो कालच्यासारखा ओसरीत बसायला लागला.

"तिथं कायले बसून राहिला?" आतून आवाज आला. "चुलीजवळ ये. हात शेक. भात गरम आहे."

तो उंबरठ्यापाशी जरा थांबला. मग आत गेला. मी माझे कागद घेतले आणि निघाले. मागून बाईंचा आवाज येत होता, "वड्याबी नासवल्या माह्या. उद्या डाळ वाटून देजो, मंग जाजो पुण्याले."

पलीकडच्या गावात आडवी बाटली झाली. त्या मोबाइलवाल्याने फोटो पुन्हा दाखवून पाहिला, तेव्हा कांताने त्याला भर बाजारात विचारलं, "थो पोट्टा तरी धुते. तू धुतला का कधी?" दुकान आता आणखी पुढे कुठेतरी गेलं असेल. दुकानं जातच असतात. रूपेशने नोकरी सोडली नाही. बाईंना ते अखेरपर्यंत पटलं नाही, मलाही पटलेलं नाही. तो येई तेव्हा चुलीजवळ जेवे आणि प्रत्येक जेवणाला तोच विषय निघे. बाई म्हणत, "घाण ते घाणच." तो म्हणे, "हो माय." मग त्या वाढत.

गेल्या थंडीत सगुणाबाई छातीत कफ होऊन गेल्या. शेवटी मी भेटायला गेले तेव्हा उशाशी औषधाच्या तीन बाटल्या होत्या, तिन्ही आडव्या, आणि खाली पाक सांडून मुंग्यांची रांग लागलेली. माझ्या अंगावर काटा आला. मी ओलं फडकं आणून मुंग्या पुसल्या, फळी पुसली, झाकणं घट्ट लावली आणि बाटल्या होत्या तशाच आडव्या ठेवल्या. बाईंनी डोळे किलकिले करून पाहिलं. "शिकल्या," म्हणाल्या.

तेरवीला दोन्ही गावं जेवली. सामान, पानं, पाहुणे, सगळ्याच्या याद्या मी केल्या होत्या. एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली. भांडी घासायला कोण, हे मी लिहिलंच नव्हतं. शेवटची पंगत उठली तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी बायका शोधायला मागच्या अंगणात धावले. टाक्यापाशी रूपेश उकिडवा बसला होता. भोवती ताटांचा ढीग, हाताला राख, बाह्या सारलेल्या. कांता त्याच्या बाजूला उभी राहून विसळलेली ताटं मोजत होती आणि म्हणत होती, "हे नीट घास. तेलकट आहे अजून."

त्याने ते ताट पुन्हा घेतलं.